अकरा सफारी, एकही गोळी नाही

वासुदेव नाडकर्णी टांझानियाहून परतला तो चार हजार फोटो, एक लाल मसाई चादर आणि रक्तात मलेरिया घेऊन. पहिल्या दोन गोष्टी त्याने आल्या दिवशीच बायकोला दाखवल्या. तिसरी कळायला बारा दिवस लागले, आणि कळली तेव्हा त्याच्या हातात दोनच दिवस उरले होते.

त्याची बायको शामला नेदरलँड्समधल्या ब्रेडाला एका मालवाहतूक कंपनीत प्लॅनिंगचं काम करायची. कुठला ट्रक कुठल्या गोदामाला किती वाजता लागायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं असे. फेब्रुवारीत तिला रजा मिळाली नाही, म्हणून वासुदेव एकटाच गुरुनाथ सबनीसांच्या ग्रुपबरोबर गेला. जाण्याआधी दोघं मिळून लसीकरण केंद्रात जाऊन आली होती. तिथल्या नर्सने मलेरियाच्या गोळ्या लिहून दिल्या, रोज एक, जेवणासोबत, निघण्याच्या आदल्या दिवसापासून ते परतल्यावर सात दिवसांपर्यंत. गोळ्या शामलाने स्वतः फार्मसीतून आणल्या होत्या.

वासुदेव टांझानियाला निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी नेलकटर शोधताना तिला ते पाकीट खणात सापडलं. न फोडलेलं. तिने फोटो काढून त्याला पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं: "मुद्दाम ठेवल्या. गुरुनाथ म्हणतो, अकरा सफारी झाल्या, एकही गोळी घेतली नाही. उंचावर डास नसतात. पोट बिघडतं उगाच." आणि खाली जिराफाचा फोटो.

शामला तेव्हा ऑफिसात होती. रॉटरडॅमहून यायचा एक कंटेनर अडकला होता. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि कामाला लागली. तो अंगठा पुढे तिला उठता बसता दिसायचा.

वासुदेव परतल्यावर दहाव्या दिवशी, मंगळवारी, त्याला ताप आला. फेब्रुवारी संपत आला होता, अर्धं ब्रेडा तापाने फणफणलेलं होतं. तरी तिच्या मनात शंका आली आणि तिने गुरुनाथना फोन केला.

"अहो, प्रवासाचा शीण आहे तो," गुरुनाथ हसत म्हणाले. "प्रत्येक ग्रुपमध्ये दोघातिघांना येतो. पॅरासिटामॉल द्या आणि झोपू द्या. तुमच्या हाउसआर्ट्सकडे, फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी तो वेगळं काय सांगणार आहे?"

इथले डॉक्टर कशावरही पॅरासिटामॉलच सांगत, त्यामुळे हे शेवटचं वाक्य इतकं खरं होतं की तीही हसली. गुरुवारी सकाळी वासुदेवने तिला "सरला" अशी हाक मारली. सरला ही त्याची बहीण, ती सांगलीला असते. शामलाने ११२ फिरवून अँब्युलन्स बोलावली, आणि रुग्णालयात रक्त तपासलं तेव्हा मलेरिया निघाला. शनिवारी दुपारी बाराला अतिदक्षता विभागातली डॉक्टर बाहेर आली, खुर्ची ओढून शामलाच्या अगदी समोर बसली, आणि ती बसली त्यावरूनच शामलाला कळलं.

अंत्यविधीला गुरुनाथ आले होते. काळा कोट, पांढरी दाढी नीट कातरलेली. ते बोललेही. टारांगिरेच्या अभयारण्यात बाभळीवर बिबट्या दिसला तेव्हा वासुदेव लहान मुलासारखा कसा रडला, ते त्यांनी सांगितलं. "आपला मित्र स्वप्न जगून गेला," असं म्हणून ते खाली बसले. लोकांनी डोळे पुसले. शामलाने पुसले नाहीत. तिच्या शेजारी तिचा मुलगा यश होता, ग्रोनिंगनला शिकणारा, वीस वर्षांचा. तो तिच्याकडे बघून घाबरला.

गुरुनाथ सबनीसांची टूर कंपनी वगैरे नव्हती. ती त्यांची हौस होती. आयुष्यभर पंपांचं डिझाइन केलेला माणूस निवृत्त होऊन हेगजवळच्या फोरबर्गला राहत होता आणि दरवर्षी पंधरा-सोळा मराठी माणसांना जमवून आफ्रिकेला नेत होता. निघण्याआधी ते एक भाषण देत. फोरबर्गच्या वस्तीतल्या समाजमंदिरात, पडद्यावर चित्रं लावून, सफारीला काय न्यायचं, काय नाही, कसं वागायचं. ते ऐकायला सफारीला न जाणारेही येत, कारण गुरुनाथ बोलत छान. नेदरलँड्समधल्या मराठी माणसांत त्यांना "जंगलवाले सबनीस" म्हणत, आणि ते नाव त्यांना आवडायचं.

शामलाने आधी साक्षीदार गोळा करायचा प्रयत्न केला. वासुदेवच्या ग्रुपमधल्या पंधराही जणांना तिने फोन केले. भाषणात गुरुनाथ गोळ्यांबद्दल काय म्हणाले होते, एवढंच तिला हवं होतं. कुणाला आठवत नव्हतं. कुणी म्हणालं, असं काही बोलले असतील तर गमतीत असेल. नीळकंठ म्हणून एक जण होता, वासुदेवच्याच खोलीत राहिलेला. तो म्हणाला, "शामला, नीट आठवत नाही गं. आणि आता आठवून काय?"

तिने फोन ठेवला आणि त्या दिवशी तिच्या मनात एक गोष्ट ठरली. रडणं वगैरे नंतर. आधी हा गुरुनाथ.

नोव्हेंबरात फोरबर्गला पुढच्या ग्रुपसाठी भाषण होतं. शामला ब्रेडाहून गाडीने हेगला आली, तिथून ट्राम घेतली आणि वेळेच्या वीस मिनिटं आधी पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिला ओरडायचं होतं. काय ओरडायचं ते तिने गाडीत तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं.

पण गुरुनाथ मलेरियाच्या पानावर आले आणि ती जागच्या जागी थिजली. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: "मलेरिया. डॉक्टरांचा सल्ला घ्या. गोळ्या टाळू नका. परतल्यावर ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा." गुरुनाथनी ते वाचून दाखवलं, शांतपणे, प्रत्येक ओळीवर थांबून. वासुदेवचं नाव नाही. काही नाही. जणू हे पान तिथे आधीपासूनच होतं.

शामलाला ओरडायला जागाच उरली नाही. सल्ला अगदी बरोबर होता. हा माणूस तिच्या नवऱ्याच्या मरणातून जे शिकायचं ते शिकला होता आणि ते गुपचूप स्वतःच्या नावावर करून मोकळा झाला होता. तिने हात वर केला.

"हे पान नवीन आहे का?"

"हो, मी दरवर्षी सुधारणा करतो," गुरुनाथ म्हणाले. त्यांनी तिला आत येतानाच पाहिलं होतं.

"गेल्या वेळी या पानावर तुम्ही काय सांगितलं होतं?"

गुरुनाथनी पाण्याचा घोट घेतला. "आता शब्दन् शब्द आठवत नाही, शामलावहिनी. आपण नंतर बोलू."

नंतर ते बोलले नाहीत. पण शामलाला तिचं हत्यार सापडलं होतं.

पुढच्या सव्वा वर्षात गुरुनाथनी सहा ठिकाणी भाषणं दिली. शामला सहाही ठिकाणी होती. आइंडहोवेनला चिप कंपन्यांतल्या इंजिनियर मंडळींसमोर, युट्रेक्टला दिवाळीनंतरच्या संमेलनात, लायडस्खेनडामला कुणाच्या तरी घरच्या अंगणात. दर वेळी पहिली रांग, दर वेळी तोच प्रश्न. "गेल्या वेळी" ऐवजी फक्त वासुदेवच्या फेरीआधीच्या भाषणाची तारीख यायची. "दोन फेब्रुवारीला तुम्ही या पानावर काय सांगितलं होतं?" आवाज चढवायचा नाही. उत्तर मिळालं नाही की धन्यवाद म्हणून बसायचं. सुट्ट्यांचं वेळापत्रक तिने त्यांच्या भाषणांवरून आखलं होतं.

लोक आधी हळहळले, मग कुजबुजायला लागले, मग वैतागले. "आता तर ते बरोबर सांगतायत ना? मग हिला हवंय काय?" असं एक बाई तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

काय हवंय ते शामलाला नीट माहीत होतं. त्यांनी बरोबर सांगावं हे तिला नको होतं. आपण चूक सांगितलं होतं, हे त्यांनी माणसांसमोर उभं राहून म्हणावं, एवढंच हवं होतं. आणि म्हणताना त्यांचा चेहरा तिला पाहायचा होता.

ग्रोनिंगनच्या भाषणाला यश आला होता. ते विद्यार्थ्यांसाठी होतं, त्याचे मित्रच होते सगळे. आईने उभं राहून प्रश्न विचारला तेव्हा तो भिंतीकडे बघत राहिला. बाहेर सायकलचं कुलूप काढता काढता म्हणाला, "आई, इनफ. धिस वोंट ब्रिंग हिम बॅक."

"मला त्याला परत आणायचं नाहीये. मला ह्याला संपवायचंय."

"यू साउंड स्केरी."

"बरं," शामला म्हणाली. "जेवलास का?"

वासुदेवला जाऊन दोन वर्षं झाल्यावर, मार्चच्या सुरुवातीला, एका शनिवारी दुपारी, मालिनीवहिनी ब्रेडाला आल्या. गुरुनाथांची बायको. एकट्या, हातात चिवड्याचा डबा. शामलाला त्यांच्याबद्दल राग कधीच नव्हता. यश लहान असताना शामला आजारी पडली तेव्हा त्या आठवडाभर येऊन राहिल्या होत्या, डच शेजारणीला खुणा करून कोथिंबीर आणायला लावायच्या.

चहा झाल्यावर त्यांनी विषय काढला. "शामला, मी हात जोडते. ह्यांना आता भाषणाच्या आदल्या दिवशी जेवण जात नाही. बीपी वाढलंय. दरवाजाची बेल वाजली तरी दचकतात. झालं ते वाईट झालं, पण वासुदेवभावजींना काय ह्यांनी बांधून ठेवलं होतं? मोठे होते ते. गोळ्या घरी ठेवून गेले."

"कुणाच्या सांगण्यावरून ठेवून गेले?"

"अगं, हे बोलतात मोठमोठं. जंगलवाले सबनीस ना! लोकांनी आ वासून बघावं, ह्यांनी छाती फुगवावी. तेवढ्यापुरतं असतं ते. घरी मात्र इतका भित्रा माणूस आहे, मलेरियाची एकही गोळी कधी चुकवायचा नाही. मलाच..."

त्या थांबल्या. त्यांचा हात डब्याच्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला.

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी पुढे सामानाचं खोकं लावलेली सायकल खडखडत गेली. शामला जाऊन किटली पुन्हा लावून आली.

"त्या फेरीतही?" तिने विचारलं.

मालिनीवहिनींनी मान खाली घातली. होय म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी हे तुला सांगितलं नाही. शामला, माझी शपथ आहे."

"नाही सांगितलंत," शामला म्हणाली.

त्या निघाल्या तेव्हा शामलाने चिवडा काढून घेतला, डबा धुऊन पुसला, आणि रिकामा द्यायचा नसतो म्हणून त्यात साखर भरून दिली. मालिनीवहिनींनी तिला जवळ घेतलं. शामलाने घेऊ दिलं. आपण आता काय करणार आहोत हे तिला त्या मिठीतच ठाऊक होतं, आणि तरी तिने आपला हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

एप्रिलमधलं भाषण पुन्हा फोरबर्गला होतं. जूनच्या फेरीसाठी. चाळीसएक माणसं आली होती. शामलाने ऑफिसात घालायचा राखाडी ड्रेस घातला होता. दुसऱ्या रांगेत ईशान आणि नीलांबरी नावाचं एक नवं लग्न झालेलं जोडपं वही उघडून बसलं होतं. मागे चहाच्या टेबलापाशी मालिनीवहिनी कप मांडत होत्या. त्यांनी शामलाकडे बघून हलकंसं हसून मान हलवली.

गुरुनाथ वाळले होते. पण बोलायला लागले की त्यांचा आवाज अजून तसाच भरदार होता.

"कपडे खाकी किंवा मातकट," ते सांगत होते. "काळा आणि गडद निळा अजिबात नको. त्सेत्से माशी त्या रंगावर धावून येते, आणि ती जीन्समधूनही चावते. पहाटे जीपमध्ये थंडीने दात वाजतील, दहा वाजता शर्ट नकोसा होईल, तेव्हा एकावर एक असे पातळ कपडे."

"बॅग कसली घ्यायची?" ईशानने विचारलं.

"मऊ. चाकांची कडक सूटकेस नको. छोट्या विमानाच्या पोटात ती बसत नाही, पंधरा किलोच्या वर घेत नाहीत, आणि पायलट तुमच्यासमोर बॅग उतरवून ठेवतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा, तिथे बंदी आहे. विमानतळावर काढून घेतील. मसाई माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. तुमचा फोटो कुणी न विचारता काढला तर चालेल का? आणि जीपमधून उतरायचं नाही. सिंह झोपलेला असला तरी नाही. चालक उतर म्हणेल तेव्हाच उतरायचं."

लोक भराभर लिहून घेत होते. शामलाही ऐकत होती. माणूस शहाणा होता, तिला हे पहिल्यापासून माहीत होतं. त्यामुळेच तर वासुदेवने त्याचं ऐकलं.

मलेरियाचं पान आलं. गुरुनाथनी ते वाचलं आणि सवयीने पहिल्या रांगेकडे पाहिलं. अर्धी सभा तिच्याकडे बघायला लागली. कुणीतरी सुस्कारा सोडला.

शामला उभी राहिली. "आज माझा प्रश्न वेगळा आहे," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः गोळ्या घेता का?"

गुरुनाथच्या खांद्यांवरचा ताण किंचित उतरलेला दिसला. "घेतो ना. अर्थात घेतो."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे?"

"माझा नवरा गेला त्यानंतर, की त्याच्या आधीपासून? कारण त्याला तुम्ही सांगितलं होतं, अकरा सफारी, एकही गोळी नाही. त्याने मला ते लिहून पाठवलं, माझ्या फोनवर आहे." तिने फोन वर धरला नाही. तिला त्याची गरज नव्हती.

"वहिनी, तेव्हा..." गुरुनाथ म्हणाले. "तेव्हा माझी समजूत तशी होती. माणूस शिकतो."

त्यांनी पळवाट शोधली होती, आणि ती वाईट नव्हती. समजूत होती म्हटलं की चूक होते, खोटं होत नाही. मागे एकदोन माना सहानुभूतीने हललेल्याही शामलाने पाहिल्या. तिने वळून चहाच्या टेबलाकडे तोंड केलं.

"मालिनीवहिनी," ती म्हणाली, "तुम्हीच सांगा. हे कधीपासून गोळ्या घेतात?"

चाळीस माणसं मागे वळली. मालिनीवहिनींच्या हातात दुधाचं भांडं होतं. त्यांनी शामलाकडे जे पाहिलं ते शामला पुढे कधी विसरली नाही. त्यात राग नव्हता अजून. फक्त, तूसुद्धा? असं होतं. शामलाने नजर हटवली नाही.

मालिनीवहिनींनी भांडं खाली ठेवलं. पदराने हात पुसल्यासारखं केलं, पदर नव्हता, कुर्ता होता.

"पहिल्या फेरीपासून," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "डबीत मी भरून देते. अकराही वेळा दिल्या. कुणाला सांगू नकोस म्हणायचे."

गुरुनाथच्या अंगठ्याखाली रिमोट दबला आणि पडद्यावर पुढचं पान आलं, धुळीपासून कॅमेरा कसा जपावा. ते तसंच राहिलं. गुरुनाथ पडद्याच्या उजेडात उभे होते, आणि त्यांचा चेहरा शामलाला हवा होता तसा झाला. तोंड उघडं, दाढी थरथरतेय, डोळे कुठे ठेवावेत ते कळत नाहीये. दीड वर्ष ती या चेहऱ्याची वाट पाहत होती. तिने तो घाई न करता पाहून घेतला.

"मी खोटं सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं तरी. "मी घेत होतो आणि घेत नाही म्हणून सांगत होतो."

शामलाने धन्यवाद म्हटलं, कोट घेतला आणि बाहेर पडली.

स्टेशनवर तिला भूक लागली. अशी भूक तिला दोन वर्षांत लागली नव्हती. तिने तळलेल्या माशांचे तुकडे घेतले, लसणाच्या सॉसबरोबर, आणि बाकावर बसून गरमगरम, बोटं भाजत खाल्ले. समुद्रपक्षी पायाशी आला तर त्याला हुसकावून लावलं. तिला पश्चात्ताप होत नव्हता. लोक म्हणतात सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. तिला भरल्यासारखं वाटत होतं. फक्त मालिनीवहिनींचा चेहरा मध्ये मध्ये येत होता, तेवढा एक काटा होता, आणि तो ती माशाच्या काट्यासारखा बाजूला काढून ठेवत होती.

गाडी ब्रेडाला पोचेपर्यंत तिच्या फोनवर सत्तावीस निरोप आले होते. एक नीळकंठचा होता. "शामला, आता आठवतंय. ते खरंच तसं बोलले होते." तिने तो पुसून टाकला.

जूनची फेरी रद्द झाली. गुरुनाथ सबनीसांना त्यानंतर कुणी भाषणाला बोलावलं नाही. मालिनीवहिनींनी शामलाचा नंबर ब्लॉक केला. शामलाने दोनदा पत्र लिहिलं, दोन्ही वेळा फाडलं. ज्या बाईने तिला शपथ घातली होती तिला काय लिहिणार?

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, बेल वाजली. दारात गुरुनाथ होते.

शामलाने त्यांना आत घेतलं, कारण दारात उभं ठेवलं असतं तर शेजारी बघत राहिले असते. ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कोट न काढता बसले. तिने चहा विचारला नाही.

"तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मी दिलं," ते म्हणाले. "पण ते पूर्ण नव्हतं. पूर्ण तुम्हाला माहीतच नाही. मालिनीलाही नाही."

शामला ओट्याला टेकून उभी राहिली.

"त्या फेरीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मन्याराच्या तळ्याकाठी तंबूत होतो. तिथे डास होते. बरेच होते. संध्याकाळी वासुदेव माझ्याकडे आला. म्हणाला, गुरुनाथ, शामलाने खणातल्या गोळ्यांचा फोटो पाठवलाय. आणायला हव्या होत्या की काय? इथे कुठे मिळतील का?" गुरुनाथनी टेबलावरचा एक तांदळाचा दाणा बोटाने दाबून धरला. "माझ्या बॅगेत एक जास्तीचं पाकीट होतं. मी नेहमी जास्तीचं ठेवतो. तेव्हा सुरू केल्या असत्या तरी चाललं असतं. मला ते माहीत होतं. मी वाचलेलं आहे सगळं."

"मग?"

"दिल्या असत्या तर, तुझ्याकडे कशा, असं त्याने विचारलं असतं. शेजारी नीळकंठ बसला होता, आणखी दोघं होते." त्यांनी दाणा सोडला. "मी म्हटलं, अरे, घाबरतोस काय, बिअर घे. सगळे हसले. तोही हसला."

खिडकीबाहेर शेजाऱ्याचा मुलगा चेंडू भिंतीवर मारत होता. शामलाला वाटलं होतं की आपल्याला सगळं माहीत झालंय. त्या रिमोटवाल्या चेहऱ्यावर ती तीन आठवडे सुखाने जगली होती. आणि हा माणूस आता, मागितलेलं नसताना, याच्याहून वाईट काहीतरी तिच्या घरात आणून ठेवत होता. का, तर त्याला हलकं व्हायचं होतं.

"हे मला का सांगताय?"

"कुणाला तरी सांगायला हवं होतं. तुम्हाला अधिकार आहे."

"मला एकटीला नाही," शामला म्हणाली. तिने फोन उचलला.

यशने तिसऱ्या रिंगला घेतला. केस विस्कटलेले, मागे ग्रोनिंगनच्या खोलीतला सायकलींचा पसारा. "आई? इट्स संडे."

"गुरुनाथकाका आलेत. त्यांना तुला काही सांगायचंय. पूर्ण ऐक." तिने फोन साखरेच्या बरणीला टेकवून गुरुनाथच्या समोर उभा केला.

"शामलावहिनी, नको," गुरुनाथ म्हणाले. "पोरगा आहे तो."

"त्याचा बाप होता तो. सांगा. मला सांगितलंत तसंच. बिअरसकट."

आणि गुरुनाथनी सांगितलं. दोनदा अडकले, पुन्हा सुरू केलं. शामला ओट्याशीच उभी राहिली. या वेळी तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. ती फोनवरच्या छोट्या चौकोनाकडे पाहत होती, तिथला चेहरा तिला पाहायला नको होता आणि तरी ती पाहत होती.

संपल्यावर यशने फोन जवळ घेतला. मग म्हणाला, "वॉज ही स्केअर्ड? व्हेन ही आस्क्ड यू."

"नाही," गुरुनाथ म्हणाले. "हसतच विचारलं त्याने. पण विचारायला माझ्या तंबूपर्यंत चालत आला होता."

"ओके," यश म्हणाला. डोळ्यांवरून मनगट फिरवलं. "ओके. प्लीज गो नाऊ."

गुरुनाथ उठले. दारापाशी त्यांनी बूट घालायला वाकायचा प्रयत्न केला, तोल गेला, भिंतीला हात लावला. शामलाने हात दिला नाही.

"मला क्षमा होणार नाही ना, वहिनी?"

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडून नाही. आणि पुन्हा येऊ नका."

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी होती, रस्त्यावरून नजर न काढता. त्यांची पाठ वाकली होती आणि ते बसथांब्याच्या उलट दिशेला चालले होते. ते तिने त्यांना सांगितलं नाही. मग ती आत आली. फोन अजून चालू होता, यश अजून तिथेच होता.

"आई, आर यू ओके?"

"मालिनीवहिनींना मी फार वाईट वागवलं," ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाच कळलं नाही.

"आय नो."

"त्याबद्दल वाईट वाटतं. बाकी कशाबद्दल नाही."

"आय नो, आई." त्याने घड्याळ पाहिलं. "आय कॅन टेक द इलेव्हन ओ'क्लॉक ट्रेन."

"ये," शामला म्हणाली, आणि तो फोन ठेवेपर्यंत थांबली. मग जाऊन खण उघडला, ते न फोडलेलं पाकीट काढलं, फार्मसीत परत द्यायच्या औषधांच्या पिशवीत टाकलं, आणि तांदूळ धुवायला घेतले.